बुवाचं चार्जिंग

माझ्या नातीकडे एक स्पीकर आहे, तांब्याएवढा. संध्याकाळी ती तो लावते. दोन गाणी झाली की आतली बाई इंग्रजीत काहीतरी बोलते आणि स्पीकर मरतो. मग नात घरभर वायर शोधते. मी म्हणते, सकाळी लावायला काय झालं होतं? ती म्हणते, "आजी, विसरले." हे रोजचं आहे. आमच्या लालबागच्या चाळीतल्या सीताराम बुवासमोर कोणी असं "विसरले" म्हणालं असतं, तर त्याने ते सगळ्या माळ्याला ऐकवलं असतं.

सीताराम घाडी तिसऱ्या माळ्यावर माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. आधी गिरणीत होता, गिरणी बंद झाल्यावर एका ऑफिसात शिपाई झाला. पण लोक त्याला ओळखायचे ते भजनामुळे. चाळीच्या भजन मंडळाचा तो बुवा. पेटी पुढे घेऊन बसला की गजर असा उचलायचा की समोरच्या चाळीतली माणसं गॅलरीत यायची. आमचं गाव एकच, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायची आणि तो मला शेवंते म्हणायचा.

तो फार चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. भांडखोर होता. पंप लावणाऱ्याशी भांडायचा, सेक्रेटरीशी भांडायचा, कोणी नसलं तर बायकोशी, येसूशी भांडायचा. आणि एका जागी बसायचा नाही. जेवतानासुद्धा दोनदा उठून गॅलरीत जाऊन यायचा. भजनाला तेवढा मांडी घालून बसायचा, पण तेव्हाही गुडघा हलत असायचा. येसू म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी बांधून आईने जन्म दिलान."

मग त्याच्या गळ्याला गाठ आली. परळच्या इस्पितळात कापायची ठरली. आवाजाच्या नसेला धोका आहे, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. गाठ साधी निघाली. पण आवाज गेला. अगदी मुका झाला नाही, नुसती हवा यायची. फुग्याची गाठ सुटल्यावर येते तशी. शेजारी बसून कान लावला तर कळायचं. मला तर तेवढंही कळायचं नाही, माझा डावा कान आधीच गेलेला.

चार महिने तो ताट आणि चमचा घेऊन फिरला. एकदा वाजवलं की चहा, दोनदा वाजवलं की पाणी, वाजवतच राहिला की राग आला. राग जास्त वेळा यायचा. भजनाच्या दिवशी जिन्याच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा, आत यायचा नाही. आत प्रकाश पेटी घ्यायला लागला होता. प्रकाश दुसऱ्या माळ्यावरचा, बँकेत नोकरीला. आवाज गोड, पण बुवाच्या भाषेत सांगायचं तर "पाण्यात घातलेला बत्तासो".

बुवाची मुलगी सुमन डोंबिवलीला दिलेली. ती एके रविवारी एक डबी घेऊन आली. शिकवणीच्या बाया वर्गात घालतात तशी. कमरेला पट्टा, पट्ट्याला डबीएवढा स्पीकर आणि कानामागून तोंडापुढे येणारा बारीक माइक. बुवाने तो घातला, बटण दाबलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "सुमन, तुझ्या नवऱ्यान वजन वाढवल्यान."

जावई समोरच होता.

सगळे हसले. येसू तेवढी हसली नाही, ती मोरीत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी दुपारीच घासून झालेली होती.

आवाज काही पूर्वीचा नव्हता. खरखरीत, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. पण ऐकू येत होता. आणि त्या दिवसापासून बुवाचा सगळा जीव त्या डबीवरच्या दिव्यात गेला. चार्जिंगला लावली की तांबडा. पूर्ण झाली की हिरवा. बोलता बोलता तांबडा लुकलुकायला लागला की थोडाच वेळ उरला. डबी एकदा भरली की पाच-सहा तास बोलणं होतं, असं सुमन म्हणाली. बुवा तीन तासांत संपवायचा.

मग त्याने नियम केले. मला ते पाठ आहेत, कारण दिवसातून दहादा तो माझ्या दारात येऊन सांगायचा. डबी पूर्ण मरेपर्यंत वापरायची नाही, चौथा हिस्सा उरला की लावायची. हिरवा दिवा आला की काढायची, रात्रभर लावून ठेवायची नाही. उशीखाली किंवा गादीवर ठेवून लावायची नाही, तापते. पेटत्या गॅसजवळ नाही, ओल्या हाताने नाही. डबीबरोबर आलेलीच वायर वापरायची. आणि वायर लावलेली असताना बोलायचं नाही, घूं घूं करते.

"बॅटरीक उपाशी ठेवचा नाय, आणि तुडुंब जेवून निजवचा पण नाय," म्हणायचा. "माणसासारखीच ती."

मी म्हटलं, "एवढं येसूचं जेवण बघितलं असतंस तर."

"शेवंते, तुझ्यावर माझा चार्जिंग फुकट घालवचा नाय माका." आणि बटण बंद करून गेला.

हे त्याचं नवीन हत्यार होतं. पूर्वी भांडण आलं की आवाज चढवायचा, आता बटण बंद करायचा. समोरचा बोलत राहायचा आणि हा तोंडावर हात फिरवत बघत बसायचा. माणसंही तो चार्जिंगवर मोजायला लागला. "सेक्रेटरी? तो पाव चार्जिंगचा माणूस." "पोष्टमन बरा, त्याका अर्धा देतंय." सगळ्यात जास्त चार्जिंग मासळीवाल्या कोळणीवर खर्च व्हायचं. तिच्याशी घासाघीस करताना तो जिन्यावर उभा राहून एक डबी संपवायचा आणि दोन बांगडे जास्तीचे घेऊन वर यायचा.

बंद करायला विसरला की मात्र पंचाईत. एकदा गणपतीत चौथ्या माळ्यावर आरतीला गेलो. आरती झाली, प्रसाद वाटला. बुवा येसूच्या कानाशी लागला. त्याला वाटलं आपण कुजबुजतोय. पट्ट्यावरून सगळ्या माळ्याला ऐकू आलं: "ह्यांच्या मोदकात गूळ कमी, नि सून नवीन असा म्हणून कोण बोलत नाय."

सून ताट घेऊन समोर उभी. येसूने त्याच्या कमरेवर असा चिमटा काढला की बटण बंद झालं की बुवा, ते कळलं नाही. पुढच्या वर्षी त्या घरचे मोदक काकवीसारखे गोड होते. सून स्वतः पहिला मोदक बुवाला आणून द्यायची आणि म्हणायची, "बुवा, आधी बटण चालू करा, मग सांगा."

डबीसाठी येसूने पिशवी शिवली होती. हिंदमात्याहून आणलेल्या ब्लाउजपीसच्या उरलेल्या खणाची. जांभळी, हिरव्या काठाची. बुवा बाईसारखी पिशवी कमरेला लावून नळावर, रेशनला, बँकेत सगळीकडे जायचा. कोणी हसलं की म्हणायचा, "तुझो आवाज चामड्याचो, माझो खणाचो."

मग दुसरा स्पीकर आला. हाही सुमननेच आणला. घरात ठेवायचा, गोल, मोठ्या नारळाएवढा. खोक्यावर वायरलेस लिहिलेलं, असं तिने वाचून दाखवलं. बुवाने तो उलटा केला, पालथा केला, बॅटरीचं झाकण शोधलं. झाकण नव्हतं. खोक्यातून निघाली एक लांब काळी वायर.

"वायरलेस म्हणतास, नि ही शेपटी कसली?"

सुमन म्हणाली, "बाबा, गाणं मोबाइलवरून विनावायरचं येतं. करंट भिंतीतूनच लागतो. ह्याच्यात बॅटरी नसते, हा कायम लावूनच ठेवायचा."

"म्हणजे हो घरजावई," बुवा म्हणाला. "जागचा हलाचा नाय नि सदा खात रव्हाचा."

त्यांच्या खोलीत पिन लावायचे खटके दोनच, एक दारापाशी आणि एक ओट्यावर. दाराजवळच्यावर फ्रिज. ओट्यावरच्यावर मिक्सर, मोबाइल आणि डबी, आळीपाळीने. बुवाने फ्रिजची पिन काढली आणि घरजावई लावला. पिन परत लावायची राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी येसूने फ्रिज उघडला आणि मी माझ्या खोलीत नाकाला पदर लावला. सात बांगडे, एक पापलेट, नारळाचं वाटण, सगळं गेलं. तिने ते पापलेट ताटात घालून बुवासमोर ठेवलं. बुवाने डबी चालू केली, बंद केली, परत चालू केली. मग म्हणाला, "चुकला."

लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. तो शब्द येसूने पहिल्यांदा ऐकला असं ती म्हणते. मी शेजारीण, मी पण पहिल्यांदाच ऐकला.

मग फ्रिज कोपऱ्यात सरकवून दारापाशी तीन खटक्यांचा बोर्ड लावून घेतला. फ्रिजच्या आणि घरजावयाच्या खटक्यावर बुवाने सुमनच्या नखांच्या रंगाने तांबडे ठिपके दिले. ठिपका असेल तिथे हात लावायचा नाही. हे येसूसाठी होतं, कारण येसूला बटणं बंद करायची सवय. आमच्या सगळ्या बायकांनाच होती. खोलीबाहेर पाय टाकायचा तर गॅस बंद, बटण बंद, कडी. गावाला जायचं तर मेन बंद. येसू नळावर जातानासुद्धा बटणं पाडायची. परत आली की सगळी वर करायची. हात आपोआप जायचा, डोकं दुसरीकडे असलं तरी.

त्या गोल स्पीकरवर लावायला सुमनने येसूच्या मोबाइलमध्ये बुवाचं जुनं भजन घातलं होतं. कोणीतरी कॅसेटवर भरलेलं, पस्तीस वर्षांपूर्वीचं. येसू ते दिवसभर लावायची. भाकऱ्या थापताना, निवडताना. बुवाला ते सोसायचं नाही. गॅलरीत येरझाऱ्या घालायचा, मध्येच आत डोकावून म्हणायचा, "हय घाई केल्यान. हय श्वास चुकलो." जसा काही दुसराच कोणी गातोय.

"बंद कर गो तो," म्हणायचा.

"तुम्ही तुमचा बंद करा," येसू म्हणायची. "ह्याला चार्जिंग लागत नाय."

मग चाळ पाडायची ठरली. नवीन इमारत होईपर्यंत सगळ्यांनी जागा बघायच्या. एकेक बिऱ्हाड उठायला लागलं. मंडळाचा मोठा चाकांचा स्पीकर होता, तो गावच्या देवळाला द्यायचा ठरला. द्या म्हणून बुवानेच लकडा लावला होता. तो स्पीकर बुवाने सांभाळलेला. चाळ शिमग्याला गावाला जायची तेव्हा मंडळी तो रिकामा टाकून जायची. एकदा तशीच त्याची बॅटरी कायमची बसली. तेव्हापासून बुवा दर एकादशीला तो चार्जिंगला लावायचा. आपण गेलो की त्याचं कोण करील, म्हणून देवळात पाठवा, म्हणाला.

निघायच्या आधी चाळीत शेवटचं भजन करायचं ठरलं. तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत, रविवारी संध्याकाळी. प्रकाश बुवा असणार हे उघड होतं. सीताराम दुसऱ्या माळ्यावर प्रकाशच्या दारात गेला. मी पाठोपाठ गेले, कारण हा तिथे काय भांडेल ह्याचा नेम नव्हता.

"शेवटचो गजर माझो," तो म्हणाला.

प्रकाश म्हणाला, "बुवा, तुम्ही या ना, बसा. मान तुमचाच. पण गजर... वर चढवावा लागतो. लोक येणार, बाहेरचे पण. उगाच कोणी हसलं तर मला बरं वाटणार नाही."

"हसले तर माका हसतले. तुझा काय जाता?"

"बुवा, जमेल?"

"पट्ट्यावर जमतला. तू तुझा चार्जिंग बघ."

प्रकाशने मान हलवली. पण बायकोकडे बघून हलवली, हे बुवाने पाहिलं आणि मीही पाहिलं. जिना चढताना बुवा तीनदा थांबला. दम लागला म्हणून नव्हे. त्याने मला काहीतरी विचारलं, पण डबी बंद होती आणि मला ओठांवरचं कळत नव्हतं. मी म्हटलं, "बटण दाब." त्याने दाबलं नाही.

मग आठ दिवस तो गॅलरीत चालत चालत तो एकच गजर घोकायचा. हात मारायचा, मान हलवायचा, डबीतून खर्र खर्र. चौथ्या माळ्यावरून कोणीतरी ओरडलं, "बुवा, पुरे की आता!" बुवाने वर बघून आवाजाचं चाक वाढवलं.

रविवारी सकाळी घोकून घोकून डबी जवळजवळ संपवली. दुपारी जेवण झाल्यावर त्याने ती चार्जिंगला लावली. दाराजवळ तांबडे ठिपके होते तिथे फ्रिज आणि घरजावई. घरजावयावर जुनं भजन चालू होतं. तिसरा खटका सैल. म्हणून त्याने डबी ओट्यावरच्या खटक्यावर लावली, तिथे ठिपका नव्हता. तांबडा दिवा लागलेला बघितला, येसूला खुणेने दाखवला आणि सतरंज्या घालायला खाली गेला. संध्याकाळी डबी घेऊन खाली ये, असं तिला कानाशी लागून बजावून गेला.

येसू त्याच्या पाठोपाठच हार-फुलं आणायला लालबागच्या बाजारात गेली. जाताना गॅस बंद, बटण बंद, कडी. तांबड्या ठिपक्यांना हात लावला नाही. पाच वाजता आली. कडी काढली, बटण वर. साडी बदलली, वेणी माळली, डबी वायरसकट काढून पिशवीत घातली आणि खाली आली. बुवाने भुवया उडवून विचारलं, हिरवा? ती म्हणाली, "दुपारपासून लावलेलीच होती की."

तिच्या मनात काही नव्हतं. खरंच तिला वाटत होतं, लावलेली होती.

खोली भरली. बाहेर जिन्यावर माणसं. चाळ सोडून गेलेलेही आले होते. प्रकाशने चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. मग त्याने पेटीवर हात ठेवून म्हटलं, "शेवटचा गजर आमचे बुवा उचलतील." बुवा उठला. बसून नाही, उभा राहूनच. विठ्ठलाचं नाव घेतलं. आवाज खरखरीत, पण ताल असा धरला की मृदंगवाला सरळ बसला. दुसरं आवर्तन झालं. तिसऱ्याला कमरेवर तांबडा लुकलुकला. मी पुढेच बसले होते, मला दिसला. त्यालाही कळलं, कारण त्याचा हात पिशवीवर गेला. मग टुक् करून डबी मेली.

त्याचं तोंड चालू होतं. आवाज नव्हता. मागे कोणीतरी फुस्सकन हसलं. लहान मूल असेल, मोठंही असेल. प्रकाश पेटीवर पुढची ओळ घ्यायला वाकला.

बुवाने त्याला हाताने थांबवलं. पिशवीतून वायर काढली. वायर डबीबरोबर पिशवीत कायम असायची. आणि मंडळाच्या खोलीतल्या दाराजवळच्या बोर्डाकडे गेला. बोर्ड भिंतीवर खांद्याएवढा उंच आणि वायर हातभर. पट्ट्यावरून पोचेना. त्याने पट्टा काढला, डबी खांद्याशी धरली, भिंतीला तोंड केलं आणि पिन खोचली. पिन सैल, दिवा लागेना. लागला, गेला. येसू कोपऱ्यातून उठली. तिने पिनेवर अंगठा दाबून धरला. तांबडा लागला.

"विठ्ठल," बुवा म्हणाला. घूं घूं करत आलं, पण आलं.

वायर लावून बोलायचं नाही हा त्याचाच नियम. आणि लोकांकडे पाठ करून गायचं नाही, हाही त्याचाच, प्रकाशला शंभर वेळा ऐकवलेला. दोन्ही मोडले. माणसांना त्याची पाठ दिसत होती, गळ्यावरचा ऑपरेशनचा वण भिंतीकडे. जरा हलला की वायर निसटायची. म्हणून तो हलला नाही. जेवताना दोनदा उठणारा माणूस अर्धा तास भिंतीला नाक लावून उभा राहिला. गुडघासुद्धा हलला नाही. येसूचा अंगठा पांढरा पडला. मी म्हटलं, "मी धरते." तिने मान नुसती आडवी हलवली. माणसं गजर उचलत होती, जिन्यावरचे पण. प्रकाशने पेटी सोडून टाळ घेतले होते.

संपल्यावर बुवा वळला आणि माइकमधून म्हणाला, "कोण हसलो ता कळला माका." मग डबी येसूच्या हातात दिली.

बटण दुपारी आपणच पाडलं होतं, हे तिला घरी गेल्यावर लक्षात आलं. तिने सांगितलं. तो भांडेल म्हणून मी भिंतीला माझा चांगला कान लावला. भांडण ऐकू आलं नाही. पण त्या दिवसापासून येसूने एकाही बटणाला हात लावला नाही. घर उघडं टाकून जाईल पण बटण पाडणार नाही. आता ते काम बुवाच्या मागे लागलं. पुढच्या जिन्यावर पोचला की परत वर यायचा, बघून जायचा.

पंधरा दिवसांनी ते डोंबिवलीला निघाले. सामान टेम्पोत भरलं. बुवा पुढे ड्रायव्हरशेजारी, मध्ये येसू, तिच्या मांडीवर घरजावई. ड्रायव्हरने डबी गाडीतल्या खटक्यावर लावून दिली होती. खोलीची किल्ली मी घेतली, सेक्रेटरीला द्यायला. टेम्पोची काच बंद होती. बुवा माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. डबी चार्जिंगला, त्यामुळे नियमाप्रमाणे बटण बंद. नुसते ओठ हलले. मला त्याचं ओठांवरचं कधी कळलं नव्हतं. ते कळलं.

मेन बंद केलंस?

मी मान हलवली. केलं. त्याचा विश्वास बसला नाही. परत विचारलं, बोटाने खाली पाडल्याची खूण करून. मी परत मान हलवली. टेम्पो वळला तरी त्याचं डोकं मागेच होतं. नंतर तो मला भेटला नाही. वर्षाने तो गेल्याचा सुमनचा फोन आला.

टेम्पो दिसेनासा झाल्यावर मी तीन जिने चढून वर गेले. गुडघे दुखत होते. खोली मोकळी, भिंतीवर फ्रिजचा चौकोन, बोर्डावर दोन तांबडे ठिपके.

मेन चालूच होतं.